गाळलेलं गाणं

‘फँड्री’ या चित्रपटासाठी संगीतकार अजय-अतुल यांनी केलेलं गाणं गावोगाव वाजलं, पण चित्रपटात ते नाही. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या, जेऊरच्या दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी हाती आलेलं गाजतं गाणं प्रसिद्धीपुरतं वापरलं आणि पडद्याबाहेर ठेवलं. चित्रपटातल्या एका प्रसंगात, पकडायचं डुक्कर अगदी हाताशी आलेलं असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. पकडणारे जागच्या जागी ताठ उभे राहतात, डुक्कर निघून जातं. त्या क्षणी व्हायोलिनचा एक सूर जरी मिसळला असता, तरी काय वाटून घ्यायचं ते प्रेक्षकाला कुणीतरी सांगितल्यासारखं झालं असतं.

घरातल्या संगणकावर गाण्यांची जुळणी करताना मला हे गाळलेलं गाणं आठवतं. पूर्वी एक जादा वादक बोलवायचा तर खिसा चाचपावा लागे; संयम आपोआप पाळला जाई. आता पन्नास व्हायोलिनं एका बोटावर येतात आणि फुकट येतात. मग कीबोर्डचे सूर गायकाच्याच आवाजाच्या टप्प्यात पसरतात, शब्द बुडतात. गळा वर काढावा तर ठेका दबतो, ठेका वाढवावा तर सगळंच ओरडू लागतं. अशा वेळी मी एकेक वाद्य बंद करून ऐकतो. जे गेल्याचं कानाला कळतच नाही, ते काढून टाकतो.

पण थोडकी वाद्यं म्हणजे साधेपणा, असंही नाही. पंढरपूरच्या वाटेवर शेकडो टाळ एकदम वाजतात, तरी अभंगाचा शब्द न् शब्द कळतो. कारण सगळे टाळ मिळून एकच काम करतात. वीणा सूर धरते, पखवाज चाल सांभाळतो, कुणी कुणाच्या जागेत शिरत नाही. सोलापुरातल्या गणपतीच्या मिरवणुकीत हलगीवर लेझीम चालतं, तेव्हाही पावलाला पुढचा ठोका आधीच कळलेला असतो. त्याच रस्त्यावर डीजेची भिंत आली की छाती हादरते, पण पावलाला धरायला काही सापडत नाही.

मंजुळेंच्याच २०१६च्या ‘सैराट’मध्ये तर सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे, तोही हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित केलेला. एवढा वाद्यमेळ हाताशी असताना शेवटच्या प्रसंगात आवाजच काढून घेतला आहे. आधी सूर भरभरून दिले नसते, तर ती शांतता इतकी अंगावर आली नसती.

म्हणून हल्ली मी वाद्यांची यादी शेवटी करतो. गायक श्वास कुठे घेणार आणि त्या जागेत कुणी यायचं नाही, हे आधी ठरवतो. हलगीवाला दोन कडवी नुसता बसून राहिला, तरी बिदागी पुरी द्यायची. तिसऱ्या कडव्याला त्याची पहिली थाप पडते, ती या बसण्यामुळेच ऐकू येते.