नऊ टेकांच्या गावात बुटकी मोटार

‘नाशिक नव टेकांवर वसविले’ अशी म्हण जुन्या नाशिककरांच्या तोंडी आहे. जुनी गढी, नवी गढी, डिंगरअळी, सोनारअळी, चित्रघंटा ही त्यांतलीच काही टेके. घरांच्या दाटीत ती आता डोळ्यांना दिसत नाहीत, पण सायकलवाल्याच्या पोटऱ्यांना बरोबर कळतात. आणि सर्वांत अधिक कळतात त्या जमिनीला पोट लावून धावणाऱ्या मोटारीला!

ज्या गावच्या कारखान्यात बोलेरो, स्कॉर्पिओ यांसारख्या ऐसपैस उंच गाड्या तयार झाल्या, त्या गावात बुटकी स्पोर्ट्‌स मोटार घेऊन येणे म्हणजे पैलवानांच्या तालमीत नर्तकाने शिरण्यासारखे आहे. साध्या छोट्या मोटारीचे पोट जमिनीपासून १६-१७ सेंटिमीटर वर असते. या शर्यतीच्या जातीच्या गाड्यांचे असते जेमतेम ११-१२; म्हणजे अर्धी वीत. शिवाय पुढच्या चाकांच्याही पुढे नाक काढलेले. रस्त्याशी पहिली गाठ पडते ती त्या नाकाची.

गेल्या दिवाळीत आमच्या भाच्याने अशी एक दोन दारांची गाडी आणली आणि अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, तीत बसवून नाशकाला माहेरी न्यायचे ठरविले. कारण तसेच होते. जुन्या नाशकातला आमचा वाडा दिवाळीनंतर पाडला जाणार होता. “त्या ओट्यावर एकदा बसून येऊ दे मला,” एवढेच अक्काचे म्हणणे. पण तिचे गुडघे दुखरे. गल्लीच्या तोंडाशी उतरून टेक चढून जाणे तिला शक्य नाही. गाडी दारापर्यंत गेली तरच माहेर! मागच्या नावापुरत्या बाकावर पाय पोटाशी घेऊन मी बसलो.

“अरे, ही गाडी आहे की पाट?” बसताना अक्का म्हणाली.

मुंबईहून येताना भिवंडीजवळच्या आमण्यापासून इगतपुरीपर्यंत समृद्धी महामार्ग आहे. हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्याच्या गुळगुळीत काँक्रीटवर ही गाडी मांजरीसारखी पळते. जुन्या कसारा घाटानेही तिचे काही बिघडत नाही. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. त्याच घाटात आगगाडीला ३७ फुटांत १ फूट असा चढ आहे आणि तेवढ्यासाठी कसाऱ्याला तिला मागून ढकलणारी जादा एंजिने जोडावी लागतात. मग मोटारीला घाट सोपा आणि गल्ली अवघड कशी? तर मोटारीच्या नाकाला चढाचे भय नाही. चढ कुठे एकदम सुरू होतो आणि कुठे एकदम संपतो, त्या मोडणीचे भय आहे. घाटातला चढ सावकाश येतो. गतिरोधक एकदम येतो.

गतिरोधकाचे मापही ठरलेले आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच, कमानीसारखा गोल असावा. आता गंमत पाहा. पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटरच्या आतबाहेर अंतर असलेली गाडी अशा कमानीवर चढली, की चारही चाके कमानीवरच असतात, आणि कमानीचा माथा पोटाखाली जेमतेम साडेचार सेंटिमीटर वर येतो. अकरांतून साडेचार गेले तरी साडेसहा उरले! पण तीच १० सेंटिमीटर उंची दीड फुटाच्या रुंदीत कोंबली, तर चाके दोन्ही बाजूंना जमिनीवर आणि उंचवटा अख्खा पोटाखाली. उरला एक सेंटिमीटर. डांबराचा एक फावडा जास्त पडला, की तोही गेला.

मुंबई नाका मागे टाकून आम्ही जुन्या गावाकडे वळलो, तोच असा एक दीड फुटी उंचवटा आडवा आला. भाच्याने काय केले, ते नीट सांगतो, कारण ते कोणत्याही गाडीला उपयोगी आहे. त्याने आधी दूरवरच वेग अगदी कमी केला, आणि चाक उंचवट्याला टेकण्यापूर्वी ब्रेकवरून पाय उचलला. ब्रेक दाबलेला असला की गाडी पुढे झुकते आणि नाक आणखी खाली जाते. पुष्कळ ओरखडे उठतात ते यामुळेच. मागे-पुढे वाहन नाही असे पाहून त्याने गाडी किंचित तिरपी घेतली. तिरपी घेतली की आधी एक चाक चढते, ते आपल्या बाजूचे नाक उचलते, मग दुसरे. चारही चाके एकेक करून उतरतात. रहदारी असेल तर मात्र तिरपे जाऊ नये. बंपर वाचविताना सायकलवाला आडवा करण्यात शहाणपणा नाही.

पुढचा उंचवटा याहून वाईट. “आई, जरा उतरतेस का? वजन कमी झालं की गाडी वर येईल.”

“म्हणजे मी माहेरी पायी जाऊ? मामाला उतरव.”

मामा उतरला. स्प्रिंगांवरचे ओझे कमी झाले, गाडी बोटभर उचलली गेली आणि निभावली. महागड्या गाड्यांत बटण दाबून नाक वर उचलायची सोय असते. आमच्या गाडीत ती सोय म्हणजे मामा.

खरी परीक्षा वाड्याच्या दाराशी होती. गटारावरची फरशी रस्त्यापासून चांगली वीतभर वर, आणि ओटा त्याच्या आत. भाचा खाली वाकून पाहतो आहे, गल्लीतली मुले फुलबाज्या विझवून जमली आहेत, आणि अक्का काचेतून ओट्याकडे बघते आहे. शेवटी शेजारच्या काकांनी तोडगा काढला. रंगकामाच्या परांचीच्या पाच-सहा फुटी दोन जाड फळ्या त्यांनी फरशीला टेकवून लावल्या. वीतभर उंची सहा फुटांत पसरली, मोडणी सौम्य झाली. दोन पोरे दोन्ही बाजूंना ओणवी होऊन “येऊ द्या, येऊ द्या” करीत होती. गाडी वर गेली. नाक कुठेही लागले नाही.

अक्का ओट्यावर अर्धा-पाऊण तास बसली. फारसे बोलली नाही. तुळशीवृंदावनाशी एक पणती तिने स्वतः लावली.

गाडी बाहेर काढताना आणखी एक गोष्ट कळली. नाक एखाद्या फरशीवर किंवा वाहनतळातल्या चाक अडविणाऱ्या दगडावर चढून अडकले असेल, तर घाईने मागे ओढू नये. जाताना नुसते घासणारे नाक येताना आकड्यासारखे अडकते आणि बंपर सबंध उपटून निघतो. म्हणून अशी गाडी उभी करताना शक्यतो उलटी, पाठ आत घालून लावावी. आणि पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली समोरची रिक्षा सांगेपर्यंत आपण सांगू नये.

२०२६-२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशकात रस्त्यांची बरीच कामे निघाली आहेत. ती करणाऱ्यांनी गतिरोधकाचे ते ३.७ मीटर आणि १० सेंटिमीटर तेवढे टेपने मोजून घ्यावेत. त्याचा फायदा श्रीमंतांच्या मोटारींना होईल तो होवो; रिक्षातून दवाखान्यात निघालेल्या गरोदर बाईला आणि स्कूटरच्या मागे बसलेल्या आजीला तो आधी होईल.

वाडा आता नाही. फळ्या मात्र काकांनी जपून ठेवल्या आहेत. पुढच्या दिवाळीला अक्का त्यांच्याकडे फराळाला यायची आहे.