खालचा पंख पुढे

सॉपविथ डॉल्फिन हे पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश दुपंखी विमान बाजूनं पाहिलं की जाणकारही क्षणभर थबकतो. दुपंखी विमानांत बहुधा वरचा पंख पुढे असतो आणि खालचा जरा मागे. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांमध्ये ज्यावर एक अख्खी पिढी शिकली, त्या टायगर मॉथची ठेवणही तशीच. डॉल्फिनचं नेमकं उलटं. त्याचा खालचा पंख वरच्यापेक्षा 13 इंच पुढे सरकलेला. 1918 साली ही आकृती इतकी अनोळखी होती की सुरुवातीला मित्रपक्षाच्याच वैमानिकांनी या विमानावर हल्ले चढवले.

वर्ध्यातल्या घराच्या मागच्या खोलीत मी हे विमान 1:16 प्रमाणात उभं करतोय. मूळ पंखविस्तार 9.91 मीटर, माझ्या टेबलावर तो 62 सेंटिमीटर होतो. आणि ते 13 इंच होतात साडेवीस मिलिमीटर. या साडेवीस मिलिमीटरांवर सगळं मॉडेल उभं आहे, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून.

या कामात मी एक नियम पाळतो. ज्या तपशिलाचं कारण मला सांगता येत नाही, तो मॉडेलवर चढवायचा नाही. आराखड्यात दिसतो, फोटोत दिसतो, एवढं पुरत नाही. तो तिथे का आहे हे आधी कळायला हवं. 13 इंचांचं कारण असं: सॉपविथ कंपनीचे अभिकल्पक हर्बर्ट स्मिथ यांना वैमानिकाला वरचं आकाश मोकळं करून द्यायचं होतं. लढाऊ वैमानिकाचा घात बहुतेक वेळा वरून व्हायचा, आणि दुपंखी विमानात वरचा पंख हाच नजरेच्या आड येणारा मोठा अडथळा. स्मिथ यांनी वरच्या पंखाचा मधला भाग उघडा ठेवला, तिथे फक्त पोलादी नळ्यांची चौकट ठेवली आणि वैमानिकाला असं बसवलं की त्याचं डोकं त्या चौकटीतून वर निघेल. त्यासाठी वरचा पंख मागे, थेट कॉकपिटवर आला. मग विमानाचा तोल राखायला खालचा पंख पुढे न्यावा लागला. 23 मे 1917 रोजी पहिलं डॉल्फिन आकाशात गेलं. म्हणजे ते विचित्र दिसणं हा एका माणसाच्या नजरेसाठी केलेला हिशेब होता.

त्या हिशेबाची दुसरी बाजूही होती. उतरताना विमान नाकावर पडून उलटलं, तर जमिनीला आधी टेकणार ते वैमानिकाचं डोकं. ही भीती वैमानिकांनी बोलून दाखवली, आणि काही विमानांवर डोक्याच्या वर संरक्षक कमान बसवली गेली. वरच्या पंखामधली ती नळ्यांची चौकट मी सायकलच्या स्पोकचे तुकडे झाळून केली. चारही कोपरे काटकोनात आणून ती कॉकपिटवर धरली, तेव्हा दोन्ही गोष्टी एकदम समजल्या: इथून किती दिसतं, आणि इथे माणूस किती उघडा पडतो.

हे विमान निवडण्यामागे एक मराठी नाव आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढलेल्या मोजक्या भारतीय वैमानिकांत इंद्रलाल रॉय आणि हरदितसिंग मलिक यांची नावं निदान अभ्यासकांना तरी ठाऊक असतात. त्याच रांगेत मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर होते. ते 23 व्या स्क्वाड्रनमध्ये डॉल्फिन उडवत. 1918 च्या जूनअखेर फ्रान्समधल्या आघाडीवर त्यांचं विमान पाडलं गेलं, जखमी अवस्थेत ते जर्मनांच्या हाती लागले आणि तिथेच त्यांचा मृत्यू झाला. सोम भागातल्या हांगार गावच्या युद्धस्मशानात त्यांची कबर आहे. मुंबईहून गेलेला एक तरुण त्या चौकटीतून डोकं वर काढून फ्रान्सचं आकाश धुंडाळत होता, ही गोष्ट आपल्याकडच्या मुलांना सांगायची तर नुसत्या नावानं भागत नाही. तो कशात बसला होता, ते डोळ्यांसमोर ठेवावं लागतं.

बांधणीत लाकडाचा पहिला मान बांबूला. मूळ विमानाचे स्पार, म्हणजे पंखांतले मुख्य दांडे, स्प्रूस लाकडाचे होते. तो इथे कुठून मिळणार? बुरडाकडचा पुरता सुकलेला बांबू मला त्याच्या सर्वांत जवळचा वाटतो, कारण दोघांची ताकद सरळ, लांब तंतूंत आहे. पेर टाळून मधला भाग घ्यायचा, सुरी तंतूच्या कलानं चालवायची आणि फुटलेल्या काचेच्या धारेनं चिपाट खरवडत आणायचं. पंखाच्या टोकाची गोलाई मेणबत्तीच्या आचेवर वाकवायची. आच लागली की बांबू एका क्षणी हाताला सैल पडतो. तो क्षण ओळखून वाकवायचा आणि गार होईपर्यंत धरून ठेवायचा. फासळ्या मात्र हलक्या बाल्सा लाकडाच्या. त्या एकेक कापल्या तर दोन सारख्या होत नाहीत. म्हणून प्लायवूडचे दोन साचे करायचे, त्यांच्यामध्ये बाल्साचे तुकडे रचून दोन स्क्रूंनी आवळायचे आणि सगळा गठ्ठा एकदम घासायचा. गठ्ठा सुटला की एकाच वळणाच्या फासळ्या हाती येतात. पुढचा सारा पंख त्यांच्या भरवशावर.

मग पंख कागदानं मढवायचे. हे काम वर्ध्यात केव्हा करायचं, ते ऋतू ठरवतो. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं आणि एरवी झटक्यात धरणारं फेविक्विक सुस्तावतं, कारण त्याला घट्ट व्हायला हवेतला ओलावाच लागतो. खोलीत कूलर लावला की चिकटवणं सोपं होतं, पण बाल्साच्या पट्ट्या उडू लागतात. पावसाळ्यात उलट तऱ्हा. मढवणीवर चढवायचा लेप म्हणजे डोप; त्यातला द्रावक भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दमट हवेतलं पाणी बसतं आणि रंग पांढुरका फुटतो. शिवाय भर पावसात ताणून बसवलेला कागद उन्हाळ्यात आणखी आवळतो आणि पंखाला पीळ देतो. उन्हाळ्यात बसवलेला श्रावणात ढिला पडतो. म्हणून कापसाची वेचणी सुरू होते, तेच दिवस मी मढवणीसाठी राखून ठेवतो.

कापूस इथे उगाच आला नाही. त्या काळच्या विमानांची कातडी आयर्लंडच्या लिननची. ते कापड सांगाड्यावर शिवायचं आणि त्यावर डोप चढवायचा. सुकताना डोप कापडाला ढोलासारखं ताणतो. हा डोप म्हणजे रासायनिक प्रक्रिया करून विरघळवलेला सेल्युलोज, आणि तो सेल्युलोज मुख्यतः कापसाचा. जिनिंगनंतर सरकीला चिकटून उरते ती आखूड लव, लिंटर, त्याचा चांगला स्रोत. याच सेल्युलोजचं नायट्रेट वेगळ्या प्रमाणात केलं की गन कॉटन होतं, आणि त्यापासून तोफगोळ्यांची दारू. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये सरकीचे ढीग आणि पुलगावला लष्कराचा दारूगोळा डेपो, असा माझा जिल्हा आहे. इथे पंखावर डोपचा हात फिरवताना विमानाची कातडी आणि त्याच्या बंदुकीतली दारू एकाच बोंडातून निघू शकते, हे मला विसरता येत नाही. आणि हेही विसरता येत नाही की युद्धाच्या पहिल्या वर्षांत डोपमधल्या टेट्राक्लोरोइथेननं यकृत बिघडून कारखान्यांतले कामगार दगावले. त्यांत तरुण मुली होत्या. मी खिडक्या उघड्या ठेवून आणि तोंडाला योग्य मास्क लावूनच हे काम करतो, नव्यानं शिकणाऱ्यांनाही तेच बजावतो.

सेवाग्रामच्या शेजारी राहून पंख खादीनं मढवावेत, असं कुणालाही वाटेल. मलाही ती कल्पना प्रिय होती. पण प्रमाण त्याला परवानगी देत नाही. विमानाच्या कापडात इंचाला ऐंशी-नव्वद धागे. सोळाव्या भागात आणायचे तर इंचाला तेराशे-चौदाशे धागे हवेत. असं कापड कुठल्याच मागावर निघत नाही, आणि तलमातली तलम खादीही या मापात सुतळीच्या विणीसारखी दिसते. दहा मीटरांच्या विमानाचा धागा चार पावलांवरून दिसत नाही, मग मॉडेलवरही तो दिसता कामा नये. म्हणून मी जपानी टिश्यू कागद वापरतो. फासळ्यांवरच्या पट्ट्या मात्र चिकटवतो. मूळ विमानात तिथे कापड फासळीला शिवलेलं असतं, टाके झाकायला आणि शिवण बळकट करायला पट्टी लागते. कारण आहे, म्हणून जागा आहे.

वगळणं हे कौशल्य मी आमच्याकडच्या तान्ह्या पोळ्यात पाहिलं. सिंदी रेल्वेला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान-मोठे लाकडी नंदी घेऊन पोरं निघतात, काही नंदी तर माणसापेक्षा उंच. चांगला सुतार त्या बैलाचा केस न् केस कोरत बसत नाही. पण वशिंड कुठे चढतं, मान कुठून वळते, जू कुठे टेकतं, हे त्यानं शेतात पाहिलेलं असतं, आणि तिथे त्याची पटाशी चुकत नाही. दुपंखी विमानात वशिंडाची जागा तारांची.

तारांवाचून हे विमान उभंच राहत नाही. दोन पंख, मधले खांब आणि तिरक्या तारा मिळून एक पूल होतो. उड्डाणात पंख वर उचलले जातात तो ताण एका दिशेच्या तारा घेतात. जमिनीवर पंखांचं वजन खाली ओढतं ते उलट्या दिशेच्या तारा. स्क्वाड्रनमध्ये या तारांचा ताण जुळवणारा माणूस रिगर म्हणून वेगळा असे. मॉडेलवर हे काम करताना त्याच्याबद्दलचा आदर वाढतो. डॉल्फिनच्या पंखाला प्रत्येक बाजूला खांबांच्या दोन जोड्या, म्हणजे तारांची दोन घरं. बाहेरच्या घरातली तार जरा जास्त ओढली की आतल्या घरातली लोंबते. मी पंख साच्यात बसवून आधी जमिनीवरचा भार घेणाऱ्या तारा लावतो, मग उड्डाणाच्या, आणि डावं-उजवं एकाआड एक करत जातो.

त्या वेळच्या इंग्रजी विमानांत पंखांमधल्या तारा सहसा गोल नव्हत्या. हवेला कमी अडवावं म्हणून त्या चपट्या, भिंगाच्या छेदाच्या असत. सुकाणूकडे जाणारे दोर मात्र गोल, कारण ते कप्पीवरून फिरतात. हा फरक दाखवायला मी मोटार रिवाइंडिंगवाल्याकडची बारीक तांब्याची तार घेतो, दोन पकडींत धरून ओढून सरळ करतो आणि सोनाराकडे नेतो. त्याच्याकडे तार चपटी करायचे पोलादी रूळ आहेत. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यानं तार उजेडात धरून विचारलं, “काहो सर, याचा तं दागिना होत नाही, मंग कायले चपटी करता जी?”

“इमानाच्या पंखायले बांधाची हाये. वाऱ्यानं अडू नये म्हणून.”

त्यानं तार रुळात घातली, एक फेरा दिला, नखानं धार तपासली आणि स्वतःहून आणखी एक फेरा दिला. “आता नाही अडत,” म्हणाला. कारण सांगितलं की दुसऱ्याचा हातही आपल्या कामात जीव ओततो, हे मी त्या दुकानात शिकलो.

रंगाचंही असंच. डॉल्फिनच्या पाठीवरचा तपकिरी-हिरवा रंग पाहून तो लपण्यासाठी आहे असं वाटतं, आणि ते काही अंशी खरं आहे. पण त्या पीसी 10 नावाच्या लेपाचं मूळ काम लिननला उन्हापासून वाचवणं. नुसत्या पारदर्शक डोपखाली कापड उन्हानं लवकर कुजतं. लोहयुक्त गेरूसारखी माती आणि काजळी मिसळली की ऊन आत शिरत नाही. म्हणूनच पंखांची खालची बाजू, जिथे ऊन पोचत नाही, ती सायीच्या रंगाची कोरीच ठेवलेली असे. हे कळल्यावर मी वरच्या रंगाची कड पंखाच्या धारेवरून किंचित खाली वळवतो आणि तिथेच थांबतो.

कॉकपिटवरच्या त्या चौकटीवर वर तोंड करून दोन लुईस बंदुका बसवायची मूळ सोय होती. नेम धरायला त्या अवघड, शिवाय वैमानिकाच्या तोंडावर आपटायच्या, म्हणून पुष्कळांनी त्या काढून टाकल्या. मी त्या लावलेल्या नाहीत. प्रदर्शनात त्या उठून दिसल्या असत्या, हे खरं. पण ज्या जागेतून वेलिणकरांनी आकाश पाहिलं ती मोकळी दिसावी, यासाठी तर हे सगळं चाललं आहे. नाकावरच्या दोन व्हिकर्स बंदुका आहेत, कारण ते लढाऊ विमान होतं आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

लंडनला हेंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात मूळ भाग वापरून उभारलेलं डॉल्फिन आहे. वर्ध्याच्या शाळेतल्या पोरीला तिथवर जाता येईलच असं नाही. ती माझ्या टेबलापाशी येते आणि पहिला प्रश्न हटकून तोच विचारते: खालचा पंख पुढे कसा? मी तिला तिचं डोकं कुठे असेल ते बोटानं दाखवतो. उरलेलं उत्तर ती स्वतः जुळवते. लाकडी पाटीवर मी वेलिणकरांचं नाव, स्क्वाड्रनचा आकडा, 1918 हे साल आणि त्याखाली त्या 13 इंचांचं कारण मराठीत लिहिलं आहे.

पुढचं विमान वेस्टलँड वापिटी. 1 एप्रिल 1933 रोजी कराचीला भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली ती चार वापिटींवर, आणि त्या जातीचं एक विमान दिल्लीत पालमच्या संग्रहालयात आहे. आराखडा भिंतीवर लागला आहे आणि पहिलं ‘का’ समोर आलं आहे: नव्या विमानाला जुन्या डीएच 9ए चे पंख का? सरकारला शिलकीतले सुटे भाग वापरून पैसे वाचवायचे होते, एवढं पुस्तकं सांगतात. त्या काटकसरीनं विमानाच्या अंगाला काय वळण दिलं, ते आता फासळ्या कापताना पाहायचं आहे. बांबू सुकत ठेवला आहे.