फळीची कंबर

धाकट्या भावाकडे ऑस्लोला गेलो, तेव्हा त्याने आग्रहाने होल्मेनकोलनचे स्की-संग्रहालय दाखवले. १९२३ सालचे, जगातले सर्वांत जुने. मला वाटे, स्की म्हणजे पायांना बांधायच्या दोन फळ्या! पण फळीचे टोक वर वळवलेले, मध्य कमानीसारखा किंचित उचललेला. माणूस उभा राहिला की भार साऱ्या लांबीवर वाटला जातो. टेलेमार्कमधल्या सोंद्रे नॉरहाइम या गरीब कुळाने तिला बारीक कंबर दिली, टाचेभोवती पिळलेल्या फांद्यांचा बंध घातला आणि ती सहज वळू लागली. १८६८ साली राजधानीतली शर्यत त्याने जिंकली. पुढे हिकरीचे चिवट लाकूड अमेरिकेतून येऊ लागले. सोंद्रे मात्र १८८४ साली पोटासाठी अमेरिकेला गेला, आणि १८९७ साली तिथेच वारला.

मग दुकानात शिरलो. काचतंतूंच्या जोडाची किंमत ऐकून मी मनात रुपये मोजू लागलो. “जुन्या घेऊ,” म्हणालो.

भाऊ हळूच म्हणाला, “दादा, पोरीच्या वर्गात सगळ्यांकडे आहेत रे. तिला वेगळं वाटू नये.”

पोटासाठी तोही देश सोडून आलेला. मी मुकाट्याने पाकीट काढले.