हात सोडा, महाराज



पंचेचाळीस वर्षांत चांगदेवांची कथा तुमच्यापुढे किती वेळा सांगितली, याचा हिशेब नाही. वाघावर बसून, सापाचा चाबूक घेऊन निघालेले योगी, त्यांच्यापुढे चालत आलेली भिंत, ते कोरं पत्र आणि त्यावर मुक्ताईची कोपरखळी. आमच्या नशिराबादहून तापी-पूर्णेचा संगम आणि तिथलं चांगदेवांचं देऊळ फार लांब नाही, म्हणून इकडच्या श्रोत्यांना ही कथा घरची वाटते. योग्यांची थट्टा केली की हशा ठरलेला. खरं सांगतो, त्या हशाची मला चटक लागली होती. सहाव्या अध्यायात ज्ञानोबारायांनी आसन आणि बंध किती निगुतीनं समजावले आहेत, पंथराज म्हणून त्या वाटेचा गौरव केला आहे. ते मी गादीवर सहसा घेत नसे. तिथं हशा येत नाही.

दोन-दोन तास उभं राहून कंबर गेली आणि कीर्तन थांबलं. यंदा आखाजीला नात पुण्याहून आली. ती तिथं एरियल योग शिकली आहे. छताच्या कड्यांना रुंद कापडाची झोळी टांगायची आणि तिच्या आधारानं आसनं करायची. मी म्हणालो, "चांगदेवांना वाघ होता, मला फडकं का?" ती हसली नाही. म्हणाली, "आजोबा, पेशव्यांच्या काळापासून आपली पोरं मल्लखांब खेळतात, वेताला लोंबकळतात. पुण्याला अय्यंगार गुरुजींच्या संस्थेत भिंतीच्या दोरांवर आसनं करवतात. यात नवं ते फक्त कापड."

जळगावला तिच्या मैत्रिणीच्या वर्गात गेलो. तीन तास पोट रिकामं ठेवलं होतं. अंगठी काढायला लावली. तुळशीची माळ मी काढली नाही, बंडीच्या आत घातली. बाईंनी ते मानलं. रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, हे विचारून घेतलं आणि डोकं खाली करायचं नाही, असं बजावलं. तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर हे आधी सांगा, लाजू नका.

कापड कमरेच्या उंचीवर होतं. ते पाठीमागं घेऊन मागं रेलायचं, पाय जमिनीवर टेकलेले. एवढंच. मी रेललो. बाई म्हणाल्या, "आता हात सोडा, महाराज."

सुटेनात. मुठी अशा वळल्या की नखं तळव्यात रुतली. बाजूला एक पोरगी उलटी लोंबकळत होती, आणि मी जमिनीपासून दोन हातांवर घामाघूम.

तेव्हा एरंडोलकडचा एक शेतकरी आठवला. त्याचा तरणा मुलगा गेला होता. मी त्या रात्री, सगळा भार विठोबावर टाका, असं छान रंगवून सांगितलं होतं. कीर्तन आटोपल्यावर तो जवळ बसून म्हणाला, "महाराज, सोडायचं म्हणता, पण ते कसं सोडायचं तेवढं सांगा." मी त्याला एक चांगला दृष्टान्त दिला आणि पंगतीला उठलो. पानं मांडली होती.

किती वेळ गेला कोण जाणे. बाईंनी घाई केली नाही. आधी करंगळी सुटली, मग एकेक बोट. कापड थोडं करकरलं आणि कंबर त्यात बसली. आखाजीला लिंबाच्या झाडाला झोके बांधायचे तेव्हा बहीण मला ओढत न्यायची, आणि मी पोथी वाचायची आहे म्हणून सुटायचो, तेही तिथंच आठवलं.

कमरेला बरं आहे. आठवड्यातून दोनदा जातो.

मागच्या एकादशीनंतर एसटीनं त्या गावी जाऊन आलो. तो आता पार थकला आहे. मला ओळखलं, पाया पडायला वाकला, मी धरला. दृष्टान्त काही दिला नाही. त्यानं मुलाचा फोटो आणून दाखवला. ओट्यावर बसलो, सून चहा घेऊन आली. तो बोलत राहिला आणि शेवटची एसटी चुकली.