टायबेरियसचा दिनार आणि चांद्याचा हत्ती

रोमन नाण्यांच्या नादाला लागलेल्या नवशिक्याला भारतात बहुधा दोनच चेहरे भेटतात, ऑगस्टस आणि टायबेरियस. इ.स.च्या पहिल्या शतकात व्यापाराच्या ओघाने जी रोमन चांदी दक्षिणेत उतरली, तिच्यात याच दोन सम्राटांचे, आणि त्यातही प्रत्येकाच्या एकेका छापाचे दिनार फार मोठ्या संख्येने आहेत. ऑगस्टसच्या नाण्याच्या पाठीवर गायस आणि लुशियस हे त्याचे दत्तक घेतलेले नातू ढालीभाले घेऊन उभे असतात. टायबेरियसच्या पाठीवर राजदंड आणि डहाळी धरून बसलेली एक स्त्री असते. तेव्हा ओळखण्याची विद्या निदान आरंभी तरी फारशी कठीण नाही. कठीण असते ते कडेचे लेखन. झिजेमुळे त्यातली चारपाच अक्षरेच उरतात, ‘यू’च्या जागी ‘व्ही’ असतो, शब्द अर्धेमुर्धे तोडलेले असतात, आणि एकट्या ‘एफ’ने ‘पुत्र’ हा अर्थ सांगायचा असतो. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांशी थोडीफार झटापट केलेली असल्यामुळे या संक्षेपांचे आम्हांस भय वाटले नाही, उलट मौजच वाटली.

आमच्यापाशी असा एकच दिनार आहे, टायबेरियसचा. नागपूरच्या एका नाणेप्रदर्शनात, परवानाधारक विक्रेत्याकडून, रीतसर पावती करून घेतलेला. (किंमत सांगत नाही, घरीही सांगितलेली नाही.) चंद्रपुरास परतल्यावर तो आधी सराफाच्या काट्यावर ठेवला. नवशिक्याने चेहऱ्याआधी वजन पाहावे, असे आमचे मत आहे. नीरोने इ.स. ६४ च्या सुमारास वजन आणि कस दोन्ही उतरवले. त्याआधीचा दिनार पावणेचार ग्रॅमच्या आसपास भरतो, नंतरचा साडेतीनच्याही खाली जातो. प्लिनीने सिंहलद्वीपाच्या राजाची एक गोष्ट सांगितली आहे. भरकटून त्याच्या किनाऱ्याला लागलेल्या एका रोमन माणसाजवळचे दिनार त्याने पाहिले. मुखवटे वेगवेगळ्या राजांचे आणि वजन मात्र सारखे, हे पाहून रोमनांच्या सचोटीवर तो प्रसन्न झाला. आमचा दिनार ३.६ भरला. झीज वजा जाता ठीकच म्हणायचे. त्यानंतर भिंगाने कड पाहायची: ओतीव नकलेला सांध्याची रेघ असते, अंगावर बुडबुड्यांची बारीक छिद्रे असतात. तांब्यावर चांदीचे पातळ पान चढवलेली नाणी तर त्या काळीही होती. आणि चिंच, राख, लिंबू यांपासून नाणे दूर ठेवावे. लखलखीत करण्याच्या हौसेपायी अक्षरेच पुसली जातात.

आमच्या टायबेरियसच्या गालावर एक खोल वार आहे. भारतात सापडलेल्या अनेक रोमन नाण्यांवर असे वार आढळतात. आत तांबे तर नाही ना, हे पाहण्यासाठी ते घातले की परक्या राजाचे चलन बाद करण्यासाठी, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. आम्हांस विचारायचे होते ते निराळेच. हे कुठे सापडले? विक्रेता म्हणाला, “साउथ.” दक्षिण म्हणजे केवढी! आमच्या राजुऱ्यापलीकडे तेलंगण लागते, आणि त्याच तेलंगणात नलगोंड्याकडच्या अक्कनपल्लीला ऑगस्टस-टायबेरियसचे दीड हजारांवर दिनार एकत्र सापडले. ते मोजले गेले, त्यांची सूची छापली गेली. आमचा दिनार कोणत्या गाडग्यातला, त्याचे सोबती कोण, किती, हे मात्र आता कधीच कळणार नाही. सम्राट ओळखता आला आणि नाणे मुकेच राहिले.

सोबत्यांना एवढे महत्त्व का, हे समजायला रोमपर्यंत जाण्याची गरज नाही. १८८८ साली चांदा जिल्ह्यात, म्हणजे १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा होण्यापूर्वीच्या आमच्याच मुलखात, सातवाहनांच्या नाण्यांचा एक साठा सापडला. पोटीनची, म्हणजे तांबे, कथील, शिसे यांच्या मिश्रणाची ही नाणी. एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती, दुसऱ्या बाजूस उज्जयिनीचे चिन्ह. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे राजाचे नाव एकाही नाण्यावर पुरते मावायचे नाही. १९०८ च्या आपल्या सूचीत रॅप्सनने त्यांतल्या काहींवर कृष्ण सातकर्णीचे नाव वाचले. पुढे १९३९ साली तेव्हाच्या अकोला आणि आताच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे दीड हजारांवर नाणी निघाली. त्यांच्या अभ्यासातून महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी दाखवले, की हा कृष्ण नव्हे, कर्ण. प्राकृतात कृष्णाचा ‘कण्ह’ होतो आणि कर्णाचा ‘कण्ण’. आपला ‘कान्हा’ आणि आपला ‘कान’ यांच्यात जेवढे अंतर, तेवढ्याच अंतराने एक राजा वंशावळीतून गेला आणि दुसरा आला. एकाच नाण्यावरून हे साधले नसते. एकावर अर्धे अक्षर, दुसऱ्यावर उरलेले, असे जुळवत जावे लागते, आणि त्यासाठी गाडगे फुटले तरी आतला ऐवज एकत्र राहावा लागतो.

तो राहत का नाही, याचे उत्तर आम्हांस आमच्या एका माजी विद्यार्थ्याने दिले. वैनगंगेकाठच्या गावातला मुलगा, घरची धानाची शेती. मागच्या उन्हाळ्यात बांध नीट करताना निघालेले एक नाणे तो घेऊन आला. हत्ती स्पष्ट होता, सोंडेपुढे ‘सिरि’ एवढेच उरले होते. आम्ही त्याला १८७८ चा निखात निधीचा कायदा समजावून सांगितला: जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते. शासन ते घेणार असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा एकपंचमांश देते. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “सर, पोटीनची किंमत काय येईल? कळवलं तर जातं, विकलं तर मिळतं.”

यावर आम्हा दोघांत अजून एकमत नाही. एकाचे म्हणणे, कायदा तो कायदा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानंतर तर शंकेला जागाच नाही. दुसऱ्याचे म्हणणे, इतिहासाचे मोल धातूच्या भावाने करणारा कायदा खेड्यातल्या माणसाला प्रामाणिकपणाचा दंडच करतो, आणि चांदी असेल तर ती मुकाट्याने सोनाराच्या मुशीत जाते. रोमन चांदी महाराष्ट्रात इतकी कमी का आढळते, याची अभ्यासक देतात ती कारणे आम्हांस ठाऊक आहेत. नहपानाचे चांदीचे नाणे इकडे चालत होते. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला ती १३ हजारांहून अधिक सापडली. तरीही मुशीचा संशय मनातून जात नाही.

“बाकीची कुठे आहेत?” असे आम्ही त्याला विचारले. तो जरा घुटमळला. मडकंभर होती, काकाने भंगारवाल्याला किलोच्या भावाने दिली, हे एक पोराच्या खेळण्यात राहिले. आम्ही कागद पुढे ओढला आणि त्याला एकेक विचारत गेलो: शेताचा गट क्रमांक, बांधाची दिशा, किती हात खोल, मडके लाल की काळे, ओंजळी किती भरल्या असतील. पाच, तो म्हणाला. मग थोडा विचार करून, सहा. तहसील कार्यालयासाठीचा अर्ज त्याने स्वतःच्या हाताने लिहिला. नाण्याचे वर्णन मॅडमनी सांगितले.