विरघळणारी पट्टी

आमचं शिरड शहापूर हळदीचं गाव. फाल्गुनात हळद शिजायला लागली की घरची सगळी माणसं कामात आणि पोरं मोकाट. पोरं पडणारच. गुडघा फुटला तर हळद दाबायची, एवढं वैद्यक घरोघरी असतं. पण हनुवटीवर पडलेलं पोर ही गोष्ट वेगळी आहे. ती आमच्या घरानं तीन वर्षांपूर्वी भोगली, म्हणून लिहितो.

धाकट्या भावाचा नातू, वय वर्षं आठ. ट्रॉलीच्या फाळक्यावरून थेट हनुवटीवर आला. हनुवटी फाटली, रक्त थांबलं, पण पोराचे वरचे-खालचे दात जुळेनात. कुणी म्हणालं, लेप लावून फडक्यानं बांधा. हळदीवर आमचं पोट आहे, पण हळदीनं सरकलेलं हाड जागेवर येत नाही. गाडी काढली, वसमतवरून नांदेड गाठलं.

तिथं फोटो काढले. खालचा जबडा पुढच्या बाजूला मोडून सरकला होता. डॉक्टरांनी सगळं नीट उलगडून सांगितलं. लहान मुलाचं हाड लवकर जुळतं, तीन-चार आठवड्यांत धरतं. म्हणून पुष्कळदा पातळ खाणं आणि देखरेख पुरते. नाही तर दातांवर प्लॅस्टिकची टोपी बसवून तारेनं बांधतात. पण या वयात दुधाचे दात हलके, पक्के अर्धे वर आलेले; तारेला आधार कमी. हाडही बरंच सरकलेलं. म्हणून पट्टी बसवणं बरं.

हे ऐकून भावजय माझ्याकडे वळली. "दादा, लेकराच्या तोंडात लोखंड नको. पुन्हा काढायला फाडावं लागंल."

तिची शंका खुळी नव्हती. टायटॅनियमची पट्टी मजबूत असते, पण वाढत्या हाडात ती रुतून बसू शकते, म्हणून मुलांमध्ये ती बहुधा पुन्हा शस्त्रक्रिया करून काढतात. दुसरी पट्टी विरघळणारी. ती लॅक्टिक आम्लापासून बनवतात. दह्याला आंबटपणा येतो तो याच आम्लानं. 1971 साली अमेरिकेतल्या कटराइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या मोडक्या जबड्यांवर याच पदार्थाचे धागे वापरून पाहिले होते. पट्टी गरम करून मऊ करतात, हाडाच्या वळणाप्रमाणे वाकवतात. हाड जुळेपर्यंत ती धरून ठेवते. मग शरीरातल्या पाण्यानं हळूहळू तुटते आणि शेवटी पाणी व कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जाते. प्रकाराप्रमाणे याला वर्ष-दोन वर्षं, कधी जास्तही लागतात.

उणंही आहेच. ती धातूपेक्षा जाड आणि कमी ताकदीची, स्क्रू बसवताना तुटू शकतो, विरघळताना क्वचित सूज येते, आणि महाग पडते. शिवाय हळदीच्या गड्ड्याला जसे डोळे, तसे मुलाच्या जबड्यात पक्क्या दातांचे अंकुर दडलेले असतात. त्यांना धक्का लागू नये म्हणून स्क्रू आखूड घेऊन जबड्याच्या खालच्या काठाशी बसवावे लागतात. कोणतीही पट्टी असो, हात जाणता हवा.

घरात रात्रभर खल झाला. शेवटी सुनबाई म्हणाली, "पैसा पुढच्या हळदीला येईल, पोराला दोनदा कापायचं नाही." तसंच ठरलं. महिनाभर पोरानं पेज, वरणाचं पाणी, मऊ भात खाल्ला. आता तो भाकरी चावतो. तरी वर्षातून एकदा दाखवून आणतो, कारण जबडा अजून वाढतोय.

आयाबायांनो, हे ध्यानात ठेवा. हनुवटीवर मार लागल्यावर दात जुळत नसतील, तोंड उघडेना किंवा उघडताना एका बाजूला जात असेल, कानापुढं दुखत असेल, कानातून रक्त आलं असेल, तर थांबू नका. मार हनुवटीला, पण हाड मोडतं कानापाशी, असं पुष्कळदा होतं. तिथं बहुतेक मुलांना शस्त्रक्रिया लागत नाही, तोंड उघडण्याचा व्यायाम मात्र लागतो. दुर्लक्ष झालं तर सांधा आखडतो, तोंड उघडेनासं होतं, हनुवटीची वाढ खुंटते. पक्का दात निखळला तर मूळ न चोळता दुधात घालून सोबत न्या. दवाखान्यात महात्मा फुले योजनेची चौकशी आधी करा, आणि पट्टी खरंच लागते का, हे विचारायला लाजू नका.