दारात उभं राहणारं माणूस

कोकणातल्या जुन्या घरात एकदम शिरता येत नाही. गडग्यातलं बेडं सरकवायचं, खळ्यातून चालत यायचं, पायरीशी ठेवलेल्या पाण्यानं पाय धुवायचे, मग पडवी, मग ओटी, आणि मग कुठे माजघराचा उंबरठा. पडवीत कोयती, इरली, सुतळीची बंडलं. ओटीवर झोपाळा आणि पाव्हणेरावळे. माजघरात घरचीच माणसं. उन्हातून आलेल्याला गूळपाणी मिळतं तेही ओटीवरच. शेतातला चिखल, बाजारातली घासाघीस, तलाठ्याशी झालेली हुज्जत, सगळं वाटेत ज्याच्या त्याच्या टप्प्यावर गळून पडतं. खळ्यातल्या लख्ख उन्हातून माजघराच्या काळोखात यायला डोळ्यांनासुद्धा सवड मिळते. ‘मन शांत करून आत या’ असं कुणी सांगत नाही. घराची बांधणीच ते करवून घेते.

घाटावरच्या वाड्यांची तऱ्हा निराळी. पुण्याच्या शनिवारवाड्याची वास्तुशांत 1732 साली झाली. त्याच्या दिल्ली दरवाज्याची अणकुचीदार खिळ्यांनी भरलेली दारं हत्तीला अडवतील अशी. पण त्या अवाढव्य फळीतच माणसापुरती दिंडी ठेवलेली आहे. एका वेळी एकानं यायचं, तेही वाकून. यात हेतू बंदोबस्ताचा होता, कारण वाकलेला माणूस पहारेकऱ्याला सोपा. पण वाकायला लागलं की चाल मंदावते, आणि चाल मंदावली की आपण कुठे शिरतो आहोत याचं भान येतं.

बांधणीनं जे केलं तेच दारातल्या रीतीभातींनीही केलं. प्रवासाला निघणाऱ्याच्या तळहातावर दही ठेवतात. शकुनाचं काय ते असो, पण दही हातावर आलं की ते चाटून संपेपर्यंत उभं राहावंच लागतं. हातात पिशवी घेता येत नाही, चपला चढवता येत नाहीत. एवढा वेळ घर आपल्याला धरून ठेवतं. लांबून आलेल्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पायांवर पाणी घालतात. नवी सून माप ओलांडते. स्मशानातून परतलेला दारातच कडुलिंबाचं पान चावतो, आणि त्या कडू चवीनिशी पुन्हा जित्यांच्या घरात येतो.

कामाच्या जागी अशा रीती कुठे टिकल्या ते पाहण्यासारखं आहे. कोल्हापूरच्या तालमीत पहाटे उतरणारा पोरगा चप्पल बाहेर काढतो, मारुतीला नमस्कार करतो, तांबड्या मातीची चिमूट कपाळाला लावतो आणि मगच हौद्यात पाय टाकतो. ती मातीही नुसती नसते. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवलेली असते. नाटकवाल्यांचंही असंच. प्रयोगाआधी नटराजाला नारळ, रंगमंचाला हात लावून नमस्कार, आणि तिसऱ्या घंटेनंतर विंगेत मिनिटभर कुणी कुणाशी बोलत नाही. प्रयोग संपल्यावर आरशासमोर बसून रंग पुसायलाही तेवढाच वेळ दिला जातो. घरी जायचं असतं ते धुतलेल्या चेहऱ्यानं. या दोन्ही जागी मन दुसरीकडे ठेवून शिरण्याची किंमत लगेच मोजावी लागते. हौद्यात खांदा निखळतो, रंगमंचावर वाक्य जातं.

कचेरीत आणि घरात ही किंमत लगेच दिसत नाही. ती उशिरा आणि दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते. साहेबाचं बोलणं ऐकून घेतलेला बाप घरात शिरतो आणि सांडलेल्या दुधावरून पोराला ओरडा बसतो.

आताच्या फ्लॅटमध्ये लॅच उघडलं की थेट हॉल. पडवी नाही, ओटी नाही. उंबरठा असलाच तर संगमरवराची बोटभर पट्टी. फोनवर सुरू झालेलं भांडण लिफ्टमधून, दारातून, सोफ्यापर्यंत न तुटता येतं. 2020 च्या टाळेबंदीत तर तेवढंही अंतर गेलं. जेवणाच्या टेबलावरच कचेरी मांडली गेली आणि आमटीच्या वाटीशेजारी लॅपटॉप आला. त्या दिवसांत काही जण सकाळी घरातल्या घरात इस्त्रीचा शर्ट चढवून कामाला बसत आणि संध्याकाळी तो उतरवून खुंटीला टांगत. लोक हसले, पण शर्टाच्या बाह्यांतून का होईना, ती माणसं रोज कामाला जाऊन घरी परत येत होती.

मुंबईच्या लोकलमधला तासभराचा प्रवास अनेकांची पडवी आहे. कुणी पोथी वाचतं, कुणी भजनात टाळ धरतं, कुणी खिडकीला डोकं टेकून झोपतं. मात्र महिलांच्या डब्यात पाहावं. 1992 साली पश्चिम रेल्वेनं खास बायकांसाठी लोकल सुरू केली. पण गाडी आपली झाली म्हणून वेळ आपला झाला नाही. मांडीवर पिशवी पसरून मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते. ती घरी पोचण्याआधीच घर डब्यात येऊन बसलेलं असतं.

इथे या सगळ्या रीतींमधली एक गोष्ट लक्षात येते. दही स्वतःच्या हातावर स्वतः घालून घेत नाहीत. भाकरतुकडा स्वतःवरून ओवाळता येत नाही. गूळपाणी कुणीतरी आणून द्यावं लागतं. येण्याजाण्याच्या रीतीला दोन माणसं लागतात, एक येणारं आणि एक दारात थांबलेलं. आणि दारात थांबलेलं माणूस पिढ्यान्‌पिढ्या बाईच होतं. ती स्वतः बाहेर पडू लागली, पगार घेऊन परतू लागली, तेव्हा तिच्यासाठी दारात कुणी उभं राहिलं नाही. तिनं पर्स ठेवली आणि त्याच हातानं कुकर लावला.

म्हणून घरात सजगपणे शिरायचे धडे एकेकट्यानं गिरवण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. दीर्घ श्वास, मंद संगीत, सुवासिक मेणबत्ती असलं तर असू दे. त्याआधी घरात जो लवकर पोचला असेल त्यानं उठून दार उघडावं, मागून येणाऱ्याच्या हातातली पिशवी घ्यावी, तांब्याभर पाणी पुढे करावं, आणि पुढची दहा मिनिटं ‘जेवायला काय आहे?’ हा प्रश्न विचारू नये. जुन्या घरात ओटीनं केलेलं काम आता इतकंच उरलं आहे, आणि ते पुरुषांनाही सहज जमण्यासारखं आहे.